वाट चालती राहिली तरच वाट!

ज्येष्ठ महिना आला की बेलापूरकरांचे कान टाळ-मृदंगाकडे लागतात. त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी प्रवरेकाठच्या या गावी मुक्कामाला येते आणि पुढे राहुरी, नगर, कर्जत, करमाळा असा रस्ता धरून आषाढीला पंढरीस पोहोचते. सुमारे साडेचारशे किलोमीटरची ही पायी चाल. आज बरीचशी वाट डांबरी झाली, तरी ती वारीची वाट म्हणून टिकली, कारण दर साली तिच्यावर पावले पडतात. वाटेचे आयुष्य पावलांवर असते.

अशीच एक जुनी वाट सातासमुद्रापार इंग्लंडात आहे. तिचे नाव रिजवे. तिथल्या टेकड्या खडूच्या आहेत. फळ्यावरचा खडू आठवा, तसा पांढरा, मऊ खडक! पाऊस पडला की पाणी त्यात झिरपून जाते, माथा लवकर कोरडा होतो. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाऊल उचलताना वहाणेला शेर-शेर चिखल येतो. तिथे माथ्यावरून चालणाऱ्याला तो त्रास कमी. म्हणून हजारो वर्षांपूर्वीपासून माणसे, गुरे, मेंढरे तिथूनच गेली. १९७३ साली सरकारने ती सुमारे १४० किलोमीटरची वाट पायी चालणाऱ्यांसाठी रीतसर खुली केली.

तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचे काय? ऐका. ती वाट आणि तिच्यासारख्या असंख्य पायवाटा शेतकऱ्यांच्या रानांतून आणि बांधांवरून जातात. तिथे १९४९ च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदवायला घेतल्या. १९९० च्या कायद्याने आणखी शिस्त घातली. शेतामधून जाणारी पायवाट नांगरली, तर साधारणपणे चौदा दिवसांत किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा करून द्यायची, तिच्यावर पीक येऊ द्यायचे नाही. बांधाकडेची पायवाट तर नांगरायचीच नाही. जमीन शेतकऱ्याची, पण वाट सर्वांची!

आता आपल्या शिवारात या. आजोबांच्या वेळी बैलगाडी सुखाने जात होती ती पाणंद आज कुठे आहे? कुणी एका साली एक तास आत घेतला, शेजाऱ्याने पलीकडून दुसरा. कुणीच चोरी केली नाही, पण वाट मात्र गेली. मग उसाला तोड येते आणि गाडी फडापर्यंत पोहोचत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की दिवसागणिक वजन घटते. रात्री बाळंतीण अडली तर बाजेवरून न्यावी लागते. शाळेची पोरे चिखल तुडवतात. जो वाट खातो, त्याचाही माल त्याच वाटेने बाहेर पडायचा असतो!

आपल्याकडेही कायदा आहे, मंडळी. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा तहसीलदार दूर करवू शकतात. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो.

पण कचेरीच्या पायरीआधी एक काम करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणा आणि ती ग्रामसभेत सर्वांसमोर पसरा. नकाशावर रस्ता कुठून जातो ते सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. मग पेरणीआधी, रान मोकळे असताना दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी मिळून खुणा रोवाव्यात. पुढच्या नांगरटीला बैल किंवा ट्रॅक्टर त्या खुणेशी वळला, की निम्मे भांडण मिटले.

वारीची वाट वारकरी राखतात. शिवारातली वाट राखायची, तर ती आपल्यालाच राखावी लागेल.