शिष्यवृत्तीतून कापलेला कर आणि नऊ आकडी नंबर

नागोठण्याला आयपीसीएलचा गॅस क्रॅकर प्रकल्प आला आणि अंबा नदीकाठच्या या गावात महिन्याच्या महिन्याला पगाराची पावती येऊ लागली. 2002 मध्ये ती कंपनी रिलायन्सकडे गेली, पण गावातल्या लोकांसाठी ती आजही नुसती ‘कंपनी’. पॅन, फॉर्म 16, रिफंड हे शब्द इथल्या घरांत तेव्हापासून रुळले. मी इथे कर सल्लागार म्हणून काम करते. जुलै महिना आला की माझ्याकडे नागोठण्याबरोबर पेण, वडखळ, रोह्याचेही लोक असतात. अलीकडे मात्र त्यांच्या फायलीत एक नवा कागद दिसू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी लोणेऱ्याच्या नाहीतर मुंबई-पुण्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन एम.एस.साठी अमेरिकेला गेलेली असते, आणि तिकडच्या विद्यापीठाने तिच्या शिष्यवृत्तीतून कर कापलेला असतो.

“ताई, पोरगी तिथे शिकायला गेलीय, कमवायला नाही. मग टॅक्स कसला?” असं एका वडिलांनी मला विचारलं. मुलीसाठी त्यांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं. कर कापल्याच्या दुःखापेक्षा तो परत मागता येतो हे कुणीच न सांगितल्याचं दुःख मोठं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. हा लेख त्यांच्यासारख्या पालकांसाठी आहे.

आधी कर का कापतात ते पाहू. शिष्यवृत्तीचा जो भाग फी, पुस्तकं आणि अभ्यासक्रमाला सक्तीच्या साहित्यावर जातो त्याला अमेरिकेत आयकर लागत नाही. राहण्या-जेवण्यासाठी मिळालेला भाग मात्र उत्पन्न धरला जातो. एफ-1 व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्याच्या अशा रकमेतून विद्यापीठ साधारणपणे 14 टक्के कर कापून सरकारजमा करतं आणि वर्ष संपल्यावर 1042-एस नावाचा दाखला देतं. आपल्याकडे टीडीएस कापून फॉर्म 16ए मिळतो, तसाच हा प्रकार. कापलेली रक्कम ही आगाऊ वसुली असते. खरा हिशोब रिटर्न भरल्यावर होतो, आणि त्या रिटर्नवर करदात्याचा नंबर लागतो.

तुम्हाला कोणता नंबर लागतो?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुलं एकमेकांचं ऐकून नको त्या खिडकीवर रांग लावतात. वाटा तीनच आहेत.

पहिली वाट: काहीच कमाई नाही, करपात्र शिष्यवृत्ती नाही, सगळा खर्च घरून किंवा कर्जातून. अशा विद्यार्थ्याला नंबराची गरज नाही. त्याने दरवर्षी 8843 हा फॉर्म तेवढा पाठवायचा. तो रिटर्न नव्हे. ‘मी विद्यार्थी म्हणून इथे आहे, माझे इथले दिवस रहिवासी ठरवताना मोजू नका’ असं सांगणारं ते निवेदन आहे. विद्यार्थ्याला ही सवलत साधारण पाच कॅलेंडर वर्षं मिळते.

दुसरी वाट: कॅम्पसवर नोकरी मिळाली, मग ती ग्रंथालयात असो, प्रयोगशाळेत असो की खानावळीत. एफ-1 विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत असं काम करता येतं. त्याला सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे एसएसएन, काढावा लागतो. त्यासाठी नोकरी देणाऱ्या विभागाचं पत्र, विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याचं पत्र, पासपोर्ट, आय-20 आणि आय-94 हे कागद घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जायचं. देशात पाऊल ठेवल्यावर निदान दहा दिवस थांबून गेलेलं बरं, म्हणजे प्रवेशाची नोंद त्यांच्या संगणकावर आलेली असते.

तिसरी वाट: नोकरी नाही, पण शिष्यवृत्तीचा काही भाग करपात्र आहे. अशा विद्यार्थ्याला एसएसएन मिळत नाही. त्याच्यासाठी आयटिन आहे. अमेरिकेच्या आयकर खात्याने, आयआरएसने, 1996 मध्ये हे नंबर द्यायला सुरुवात केली. नऊ आकडे, पहिला नेहमी 9. त्याने कामाची परवानगी मिळत नाही, व्हिसाला बळ येत नाही. त्याचं काम एकच, करदाता म्हणून ओळख पटवणं. एसएसएन मिळण्याजोगा असेल त्याला आयटिन देत नाहीत. आयटिन घेतल्यावर पुढे नोकरी लागून एसएसएन मिळाला, तर आयआरएसला कळवून जुनी नोंद नव्या नंबरात मिळवून घ्यायची. सलग तीन वर्षं रिटर्नवर न वापरलेला आयटिन बाद होतो.

यातल्या कुठल्याही नंबरासाठी अमेरिकी सरकार एक पैसा घेत नाही. ‘अर्जंट काढून देतो’ म्हणणाऱ्या फोनला भुलू नका.

अर्जावर नागोठणे लिहिताना

आयटिनचा अर्ज म्हणजे डब्ल्यू-7. तो मी त्या मुलीबरोबर व्हिडिओ कॉलवर भरला. ती तिकडे सकाळच्या तासाला निघालेली, इकडे गावात दिवेलागण झालेली. पान एकच, पण प्रत्येक ओळ नीट वाचावी लागते.

नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि पासपोर्टवर ते मुलीच्या नावाला जोडून येतं. विद्यापीठाच्या नोंदीत ते गळलेलं असेल तर अर्जाआधी ती नोंद दुरुस्त करून घ्यावी. जन्मतारखेत महिना आधी, दिवस नंतर. 5 ऑगस्ट आपल्या सवयीने लिहिली तर तिकडे ती 8 मे होते. तिसऱ्या ओळीत मायदेशातला कायमचा पत्ता मागतात. तिथे आम्ही घर क्रमांक, आळी, नागोठणे, तालुका रोहा, जिल्हा रायगड असं सगळं लिहिलं. पुढे 6बी मध्ये मायदेशातला कर क्रमांक विचारतात. ती म्हणाली, “काकू, माझा पॅन तुम्हीच काढून दिला होता ना? तो इथे लिहायचा?” हो, तोच. भारतात आयकर खात्याने दिलेली तिची ओळख तिकडच्या खात्याच्या अर्जात जाऊन बसली. शेवटी 6जी मध्ये विद्यापीठाचं नाव, शहर आणि राहण्याचा काळ.

अर्ज सहसा रिटर्नला जोडून जातो. शिष्यवृत्तीधारकांना मात्र अपवादाच्या नियमाखाली तो रिटर्नशिवाय आधीही करता येतो. त्याला शिष्यवृत्तीचं पत्र जोडावं लागतं. शिवाय एसएसएन नाकारल्याचं पत्र, किंवा ही विद्यार्थिनी नोकरी करणार नाही असं विद्यापीठातल्या त्याच अधिकाऱ्याचं पत्र.

सगळ्यात जिवाची घालमेल होते पासपोर्टपाशी. ओळख आणि परदेशी नागरिकत्व या दोन्ही गोष्टी एकट्याने सिद्ध करणारा कागद तो एकच. नुसती झेरॉक्स चालत नाही, आणि मूळ पासपोर्ट टपालाने टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहायला कुणाचंही मन धजावत नाही. त्यावर उपाय आहे. आयआरएसने काही संस्थांना पासपोर्ट पाहून प्रमाणित करण्याचा अधिकार दिला आहे. त्यांना सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट म्हणतात, आणि बऱ्याच विद्यापीठांत हे काम परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातच होतं. तिथे पासपोर्ट दाखवायचा आणि घेऊन परत यायचं. ही सोय नसेल तर आयआरएसची करदाता साहाय्य केंद्रं आहेत. नंबर यायला साधारण सात आठवडे, रिटर्नच्या हंगामात नऊ ते अकरा. म्हणून अर्ज शरद सत्रातच, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपास करावा.

या खटपटीतून मिळतं काय?

भारत आणि अमेरिका यांच्यात 12 सप्टेंबर 1989 रोजी दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्याच्या 21व्या कलमात विद्यार्थ्यांसाठी एक तरतूद आहे. अनिवासी परदेशी माणसाला अमेरिकेत सहसा प्रमाणित वजावट मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्याला या करारामुळे ती मिळते. 2024 सालासाठी ती 14,600 डॉलर होती.

समजा, एखाद्या मुलीला राहण्या-जेवण्यासाठी 6,000 डॉलर मिळाले. 14 टक्क्यांनी 840 डॉलर कापले गेले. दुसरं उत्पन्न नाही. 14,600 ची वजावट घेतली की करपात्र रक्कम शून्य, आणि 1040-एनआर हे रिटर्न भरल्यावर सगळे 840 डॉलर परत. आपल्या हिशोबाने सत्तर हजार रुपयांच्या घरात. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या घरात या रकमेला किती किंमत असते ते मी रोज पाहते. पगार असेल तर रिटर्नची मुदत 15 एप्रिल, नसेल तर 15 जून. मागच्या वर्षाचा परतावा मागायचा राहिला असेल, तरी साधारण तीन वर्षांच्या आत मागता येतो. कॅम्पसवर काम करणाऱ्यांनी पगाराची पावतीही तपासावी. अनिवासी विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून 7.65 टक्के कापायचे नसतात.

नियम फक्त अमेरिकेचे आहेत असंही नाही. जर्मनीला गेलेल्या मुलांनी राहत्या पत्त्याची नोंदणी केली की 11 आकडी कर क्रमांक आपोआप टपालाने घरी येतो, तो जन्मभराचा. उलट दिशेने, पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला भारतात करपात्र मिळकत झाली तर त्याला आपला पॅन काढावा लागतो. परदेशी नागरिकांचा अर्ज 49एए, आपल्या लोकांचा 49ए, अशी त्याची विभागणी वर्षानुवर्षं चालत आली.

हे सगळं समजावताना मला डॉ. आंबेडकरांची आठवण होते. 1913 मध्ये ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेच्या घटनेत 16वी दुरुस्ती होऊन केंद्रीय आयकराचा मार्ग मोकळा झाला तो त्याच वर्षी. त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे आयकराचे नावाजलेले अभ्यासक. बाबासाहेबांनी त्यांच्याकडे सार्वजनिक वित्त शिकून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. आपल्या महाडला पुढे पाण्याच्या हक्कासाठी उभा राहिलेला माणूस परदेशात करांचाच अभ्यास करून आला होता. कराचा कागद समजून घेणं हेही आपल्या हक्काचं शिक्षण आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पालकांनो, मुलं निघण्याआधी त्यांचा पॅन काढा आणि पासपोर्टवरचं नाव सगळीकडे सारखं आहे का ते तपासा. शिष्यवृत्तीचं पत्र हाती आलं की त्यातला राहण्या-जेवण्याचा आकडा वेगळा लिहून ठेवा. मुलांनो, पहिल्याच महिन्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन दोन प्रश्न विचारा: माझ्या रकमेतून कर कापणार का, आणि मला कोणता नंबर लागेल? करार तुमच्या नावाने आधीच झालेला आहे. त्याचा लाभ मात्र मागणाऱ्यालाच मिळतो.