तपासणीचा रिपोर्ट हीसुद्धा अमानत

घरात कोणी आजारी पडले की हल्ली रिपोर्टचा फोटो आधी खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. खाली शिफाच्या दुआ येऊ लागतात. दुआ मागणे चांगलेच. पण त्या कागदावर नाव, वय आणि आजार सगळेच लिहिलेले असते. एकाने तो फोटो पुढे पाठवला की कोणाकोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. सुनेचा गर्भपात, मुलाचे मानसिक उपचार, अशा गोष्टी मोहल्ल्यात चर्चेचा विषय होतात. नाते जुळवताना महत्त्वाचा आजार लपवू नये, हे खरे. पण तो ज्याचा आहे त्याने किंवा घरच्या जबाबदार माणसाने सांगावा. फिरत आलेल्या फोटोतून कळू नये.

सूरह नूरच्या 27 व्या आयतीत परवानगी आणि सलामशिवाय दुसऱ्याच्या घरात जाण्यास मनाई आहे. सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत दुसऱ्याची गुपिते शोधणे आणि गीबत, दोन्हींपासून रोखले आहे. आज माणसाचे अर्धे घर त्याच्या मोबाईलमध्ये असते. आपल्या देशातही 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला.

माहिती फक्त नातेवाइकांकडूनच बाहेर जाते असे नाही. नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात असल्याची बातमी नोव्हेंबर 2020 मध्ये आली. ही कंपनी असा डेटा अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती. त्यानंतर ॲपने तिच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ ॲपवर आरोग्याची माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. 2021 मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले.

म्हणून मोबाईल फेकून द्यायचा नाही. थोडी सावधगिरी पुरते. नमाजच्या वेळांसाठी ॲपमध्ये शहराचे नाव टाकावे, लोकेशनची परवानगी बंद ठेवावी. पाळीच्या तारखा साध्या वहीतही लिहिता येतात. रिपोर्ट थेट डॉक्टरांना पाठवावा आणि ग्रुपवर आजाराचे नाव न घेता फक्त दुआची विनंती करावी.

जुने रिपोर्ट आणि घरचे फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवता येतात. काही हौशी तरुण जुन्या कॉम्प्युटरचाच घरगुती सर्व्हर बनवतात. उपक्रम चांगला आहे, पण वस्तू घरात आहे म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही. पक्का पासवर्ड हवा, वेळेवर अपडेट हवे आणि डिस्क बिघडली तर दुसरी प्रत हवी.

मात्र खासगीपणाच्या नावाखाली उपचार टाळू नयेत. डॉक्टरांपासून काही लपवू नये, आणि क्षयासारखा संसर्गजन्य आजार असेल तर सोबत राहणाऱ्यांना तो कळायलाच हवा. सांगायचे कोणाला आणि किती, एवढाच प्रश्न आहे. अम्मीचा रिपोर्ट पाठवण्याआधी अम्मीलाच विचारावे. लहान मुलांनी हे घरात पाहिले, तर वेगळे शिकवावे लागणार नाही.