टाळाचा आवाज किती जागेत मावतो

गावच्या हरिनाम सप्त्यात आजोबांनी म्हटलेल्या भजनांच्या दोन कॅसेटी आमच्या घरी होत्या. दोन्ही नव्वद मिनिटांच्या. देवळाच्या खांबाशी टेपरेकॉर्डर ठेवून काकांनी त्या भरल्या होत्या. पहिली कॅसेट आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका दुकानात ‘कॉम्प्युटरवर चढवायला’ दिली. सीडी मिळाली, तिच्यात दोन एमपीथ्री फाइली होत्या. आजोबांचा आवाज ऐकू आला, एवढ्यावरच सगळे खूश झाले. पुढे कॅसेटला बुरशी लागली, फीत चिकटली आणि तुटली. नंतर एकदा मी हेडफोन लावून ती सीडी नीट ऐकली. टाळ टाळासारखे वाजतच नव्हते. पखवाजाच्या मागे कुणी नळ सोडून ठेवावा तसा सळसळता, पाणेरी आवाज सतत चालू होता. फाइलीची माहिती उघडली तर बिटरेट, म्हणजे आवाजाच्या एका सेकंदासाठी किती हजार बिट वापरले तो आकडा, होता ६४. टाळांचा जो आवाज त्या दिवशी दुकानात गेला, तो आता कुठूनच परत आणता येत नाही.

दुसरी कॅसेट यंदा मी घरीच उतरवली. ते करताना जे शिकले ते इथे सविस्तर सांगते, कारण अशा कॅसेटी अजून पुष्कळ घरांत माळ्यावर पडून आहेत.

आधी मूळ फाइल एवढी मोठी का होते ते पाहू. टेपमधून वायरीने येणारा आवाज ही विजेची वरखाली होणारी लाट असते. कॉम्प्युटरला लावलेलं साउंड कार्ड ठरावीक अंतराने त्या लाटेची उंची मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं. सीडीच्या दर्जाला हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होतं. माणसाच्या कानाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि एखादी लाट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हा आकडा. प्रत्येक मोजणीला १६ बिट लागतात, शिवाय डावी आणि उजवी अशा दोन बाजू. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे मिनिटाला साधारण १०.६ एमबी आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे जवळजवळ साडेनऊशे एमबी. दोन अभंगांच्या मधे सगळे गप्प असतात त्या मिनिटालाही तेवढीच जागा लागते, कारण मोजणारा आवाज आहे की नाही हे पाहत नाही, फक्त मोजत राहतो.

हे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल म्हणजे वेव्ह. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये हा साचा आणला. त्यात फाइलीचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा असल्यामुळे वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. ध्वनी जतन करणाऱ्या संस्था १६ ऐवजी २४ बिट आणि सेकंदाला ४८ किंवा ९६ हजार मोजण्या घेतात. ९६ हजारांवर हीच कॅसेट ३ जीबीच्या वर जाते. डिस्कवर जागा असेल तर जरूर तसं करा. पुढचे हिशोब मी सोयीसाठी सीडीच्याच आकड्यांवर करते.

आता ही फाइल लहान करायची. पहिल्यांदा सुचते ती झिप. करून पाहिली तर फाइल जेमतेम कमी होते. झिप पुन्हापुन्हा येणारे तेच ते तुकडे शोधते. पत्रात किंवा हिशोबाच्या तक्त्यात ते भरपूर सापडतात, आवाजात सापडत नाहीत. टाळाचे दोन ठोके कानाला सारखे वाटले तरी आकड्यांत कधीच हुबेहूब सारखे नसतात.

आवाजाचा स्वभाव वेगळा असतो. त्यात तुकडे परत येत नाहीत, पण पुढचा आकडा कुठे पडेल याचा अंदाज मागच्या आकड्यांवरून बराच बांधता येतो. फ्लॅक ही पद्धत त्यावरच उभी आहे. समजा ओळीने पाच मोजण्या अशा आल्या: १०००, १०४०, १०७८, १११३, ११४५. लाट चढते आहे. पहिल्या दोन आकड्यांत ४० चा चढ आहे, तेव्हा तिसरा १०८० असेल असा अंदाज. निघाला १०७८, म्हणजे चूक उणे २. मग ३८ चा चढ धरून अंदाज १११६, निघाला १११३, चूक उणे ३. पुढचा अंदाज ११४८, निघाला ११४५, पुन्हा उणे ३. पहिले दोन आकडे पूर्ण लिहिले, की पुढे फक्त चुका लिहायच्या: उणे २, उणे ३, उणे ३. वेव्हमध्ये या तीन मोजण्यांना ४८ बिट लागले असते. लहान संख्येला कमी बिट देणारी जी राइस नावाची लिपी फ्लॅक वापरतं, तिच्यात हेच काम ११ बिटांत होतं. उघडताना तोच अंदाज पुन्हा बांधायचा, त्यात चूक मिळवायची, की मूळ आकडा हातात. एका बिटाचाही फरक पडत नाही.

खरं फ्लॅक याहून जास्त मागचे आकडे पाहून अंदाज बांधतं आणि बहुधा ४,०९६ मोजण्यांचा एकेक गठ्ठा घेऊन त्या गठ्ठ्यापुरतं सर्वांत चांगलं सूत्र शोधतं. ० ते ८ अशा पातळ्या दिसतात त्या हे शोधायला किती वेळ द्यायचा याच्या आहेत. पातळी कोणतीही घ्या, आवाज तोच राहतो. जॉश कोल्सन यांनी २००१ मध्ये हे खुलं केलं आणि आजही ते फुकट आहे.

फाइल साधारण अर्धी ते दोन-तृतीयांश होते. माझी साडेनऊशेची सहाशेच्या आसपास आली, आणि तिथे अडली ती फितीच्या खरखरीमुळे. खरखरीला चाल नसते, पुढचा आकडा कुठेही पडू शकतो, त्यामुळे अंदाज सारखा चुकतो आणि चुका लिहिण्यातच जागा जाते. मात्र म्हणून आधी खरखर काढून मग जतन करू नका. खरखर काढणारं सॉफ्टवेअर टाळांचा झणकारही खरखरच समजून उचलतं.

सहाशे एमबीची फ्लॅक फाइल आत्याच्या उपयोगाची नाही. तिथे एमपीथ्री लागते, आणि तिचा विचारच निराळा आहे. लाटेचे आकडे नेमके काय होते याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. ती कानाला त्यातलं काय कळतं एवढंच विचारते.

पखवाजावर जोरात ‘धा’ पडतो त्या क्षणी शेजारच्या टाळकऱ्याचं हळू गुणगुणणं हवेत असतं, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. मोठा सूर आपल्या आसपासच्या, विशेषतः आपल्याहून थोड्या वरच्या, बारीक सुरांना झाकून टाकतो. ठोका संपल्यावरही दशांश सेकंदभर कान जरा बोथट असतो. एमपीथ्री तयार करणारं सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे घेतं, ५७६ मोजण्यांचा एक, म्हणजे सुमारे १३ हजारांश सेकंदाचा. त्या तुकड्यात कोणत्या पट्टीचा सूर किती आहे हे ते वेगळं काढतं आणि मग कुठे काय झाकलं जातंय याचा हिशोब करतं.

यानंतर जे होतं त्याला लोक ‘नको ते आवाज काढून टाकतात’ असं म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. पुष्कळसं काम ढोबळ आकडा धरण्याचं असतं. सोपं करून सांगायचं तर एका सुराचं बळ ४८७ आहे. त्याला ५० ने भागून जवळचा पूर्णांक घेतला, १०. फाइलीत १० लिहिलं, त्याला थोडे बिट पुरले. वाजवताना १० गुणिले ५० म्हणजे ५००. मधली १३ ची चूक म्हणजे नवा गोंगाट, मूळ कॅसेटमध्ये नसलेला. शेजारच्या ‘धा’खाली तो झाकला जात असेल तर तुम्हाला कधी कळणार नाही. बिटरेट कमी दिला की भाजक ५० चा १०० करावा लागतो, २०० करावा लागतो, आणि गोंगाट पांघरुणाबाहेर येतो.

टाळ इथेच अडचणीत सापडतात. पितळी टाळाचा आवाज एका सुराचा नसतो, तो खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत सांडतो, त्यामुळे बिट कुठे वाचवावेत हेच कळत नाही. त्यात ठोका अचानक येतो. तुकड्याचा पहिला भाग शांत आणि शेवटी टाळ वाजला, तर ढोबळपणाची चूक त्या संपूर्ण तुकड्यावर पसरते. झांजेच्या ‘छण्’च्या आधीच एक पुसट ‘छ्’ ऐकू येतो. चांगलं सॉफ्टवेअर असा ठोका येताना ओळखतं आणि ५७६ ऐवजी १९२ चे तीन तुकडे करतं, म्हणजे चूक थोड्याच जागेत कोंडली जाते. पण त्यासाठी बिट जास्त लागतात, आणि ६४ च्या बिटरेटमध्ये ते नव्हतेच. आमच्या पहिल्या कॅसेटचा पाणेरी आवाज तिथून आला.

याच्या अगदी उलट टोकाला एकट्या माणसाचा आवाज आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ही पद्धत बसवत होते, तेव्हा सुझॅन व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांशिवाय म्हटलेलं गाणं त्यांनी परीक्षेला घेतलं. सुरुवातीला ते फार वाईट वाजलं. सोबत काहीच नसेल तर चूक झाकायलाही काही नसतं. घरात जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग असेल तर हे ध्यानात ठेवा. ‘नुसता आवाजच तर आहे’ म्हणून बिटरेट फार खाली नेऊ नये.

मग किती ठेवावा? दोन बाजूंच्या एमपीथ्रीला मी बदलता बिटरेट निवडते. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १७० ते २१० असा पर्याय दिसतो तो. शांत जागी तो कमी बिट खर्च करतो आणि टाळांच्या गजराला जास्त देतो. नव्वद मिनिटांना साधारण १३० एमबी होतात. भजनाचं रेकॉर्डिंग बहुतेक एकाच माइकवरचं असतं, त्यामुळे वाटायच्या प्रतीत दोन्ही बाजू मिसळून एक केली तर निम्म्या जागेत तोच दर्जा राहतो. फक्त मिसळल्यावर एकदा ऐका. टेपचं हेड जरा तिरकं असेल तर दोन बाजू किंचित मागेपुढे उतरतात आणि मिसळताना टाळांची धार जाते. तसं झालं तर मिसळू नका, दोन्हींतली चांगली बाजू घ्या.

ओपस ही २०१२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत कमी बिटरेटवर एमपीथ्रीपेक्षा स्पष्टच सरस आहे. व्हॉट्सॲपवर तुम्ही बोलून पाठवता तो निरोप ओपसमध्येच असतो. कीर्तन, मुलाखत, आठवणी असं बोलणं ३२ च्या बिटरेटला समजायला उत्तम राहतं आणि नव्वद मिनिटं २२ एमबीत बसतात. तरी आत्यासाठी मी एमपीथ्रीच केली. तिच्या स्पीकरला पेनड्राइव्ह लागतो आणि त्याला दुसरं काही वाजवता येत नाही.

एक चूक फार सर्रास होते. कुणाकडून ६४ ची एमपीथ्री मिळते, ती ‘दर्जा वाढवायला’ म्हणून ३२० ला कन्व्हर्ट करतात किंवा फ्लॅक करून ठेवतात. ही झेरॉक्सची झेरॉक्स, फक्त महाग कागदावर काढलेली. गेलेलं परत येत नाही, आणि ३२० ला कन्व्हर्ट केलं तर वर नव्या ढोबळपणाची भर पडते. त्यामुळे लहान प्रत नेहमी फ्लॅकवरूनच काढायची. उद्या ओपस वाजवणारा स्पीकर आला तर एमपीथ्रीचं ओपस न करता पुन्हा फ्लॅककडे जायचं.

माझा क्रम असा ठरला. रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या गजरालाही लाल रेषेच्या बरीच खाली राहील अशी ठेवायची, कारण रेषेला आपटलेला ठोका कायमचा चपटा होतो. वेव्ह हाताळायची नाही, तशीच फ्लॅक करायची. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाची एक खूण, एमडी५, लिहिलेली असते. तपासणीचा पर्याय निवडला की सॉफ्टवेअर पुन्हा उलगडून ती जुळते का पाहतं. ती जुळल्यावरच वेव्ह पुसायची. फाइलीच्या आत देवनागरीत गावाचं नाव, सप्त्याचं वर्ष, कोण म्हणतंय, पखवाजावर कोण, हे लिहायचं. मग फ्लॅकची एक प्रत घेऊन तिच्यात काटछाट, आवाज सारखा करणं वगैरे करायचं. सर्वांत मोठा ठोका कमाल मर्यादेपासून एक डेसिबल खाली ठेवायचा, कारण एमपीथ्री उलगडताना लाट कधी कधी मूळपेक्षा उंच जाते. तिच्यावरून एमपीथ्री काढायची.

शेवटी ऐकायचं, तेही वायरीच्या हेडफोनवर. ब्लूटूथ स्वतःच आवाज पुन्हा दाबून पाठवतो, मग दोष कुणाचा ते कळत नाही. सगळी नव्वद मिनिटं ऐकायची गरज नाही. मी तीन जागा धरल्या: गजर टिपेला पोचतो ती, आजोबा एकटे चाल धरतात ती, आणि सदतिसाव्या मिनिटाला पखवाज थांबल्यावर टाळांचा झणकार विरत जातो ती. विरणारा झणकार ही सर्वांत कठीण परीक्षा, पाणेरीपणा पहिल्यांदा तिथे दिसतो. १२८ ला तो किंचित थरथरला. बदलत्या बिटरेटला सरळ विरला, आणि तो संपता संपता मागून आजोबांनी कुणाला तरी हळूच ‘घ्या पुढचं’ म्हटलेलंही ऐकू आलं.

ती एमपीथ्री आत्याच्या पेनड्राइव्हवर गेली. फ्लॅकची एक प्रत माझ्याकडे आहे, दुसरी गावी काकांच्या कपाटात, कॅसेटच्याच डबीशेजारी.