नकाशावरची पाटी आणि घरातील विष

जूनच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घोंघावू लागले आणि सकाळी फरशीवर त्यांच्या गळलेल्या पंखांचा थर दिसला, की जाणती माणसे कपाट भिंतीपासून सरकवून पाहतात. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली आढळली, म्हणजे घरात वाळवी शिरली हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नसते. पुढचा प्रश्न मात्र अवघड असतो : बोलवावयाचे कोणाला? एके काळी याचे उत्तर शेजारी देत, रस्त्याकडेच्या भिंतीवर रंगविलेली जाहिरात देई, किंवा टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकातील पिवळी पाने देत. १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या जस्ट डायलने तेच काम दूरध्वनीवरून करून दाखविले. आज गृहस्थ खिशातील फोन काढतो, 'जवळचे पेस्ट कंट्रोल' एवढे शब्द टाकतो आणि नकाशाखाली उमटलेल्या पहिल्या दोन-तीन नावांपैकी एकाला बोलावतो. त्याखालच्या नावांपर्यंत त्याचे बोट क्वचितच पोहोचते.

किराणा दुकानदाराला या बदलाची झळ तितकी बसत नाही. त्याचे दुकान येता-जाता नजरेस पडते. कीडनियंत्रणाचा धंदा निराळा आहे. दोन माणसे, एक स्कूटर, फवारणीचा पंप आणि औषधे ठेवण्याची एखादी खोली एवढेच त्याचे भांडवल. ग्राहक त्याच्याकडे जात नाही, तो ग्राहकाकडे जातो. शिवाय त्याची आठवण होते ती वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, आणि तीही संकट आल्यावर. अशा व्यावसायिकाची दर्शनी पाटी आता नकाशावरच लागते. ती तेथे नसेल, तर वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही अपरिचितच राहतो.

मग या नकाशावर कोणाचे नाव वर येते? गूगलने याचे उत्तर स्वतःच प्रसिद्ध केले आहे. स्थानिक शोधाचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो. पहिली समर्पकता : विचारलेल्या गोष्टीशी व्यवसायाची माहिती कितपत जुळते. दुसरी अंतर : विचारणाऱ्यापासून तो व्यवसाय किती दूर आहे. तिसरी ख्याती : त्या व्यवसायाचा उल्लेख इतरत्र किती होतो, त्याला किती अभिप्राय आणि किती तारे मिळाले आहेत. पैसे भरून या क्रमात वरचे स्थान मिळत नाही. पैसे भरून मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसा शिक्का असतो. ही व्यवस्था वरकरणी न्याय्य वाटते. पण या तिन्ही कसोट्यांत चौथी एक कसोटी कोठेच नाही, आणि ती म्हणजे हा मनुष्य आपले काम जाणतो काय?

चित्रांच्या चौकटी बनविणाऱ्याच्या बाबतीत ही उणीव सोसता येईल. फार तर एक चौकट वाकडी होईल. येथे मात्र परका माणूस विष घेऊन स्वयंपाकघरात येतो. १९५८ साली केरळात परॅथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. व्यवसाय म्हणून घरांत वा सार्वजनिक जागी कीटकनाशके वापरणाऱ्याला या नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो, आणि तो मिळण्यासाठी विहित शिक्षण व प्रशिक्षण आवश्यक ठरविलेले आहे. यामागील कारण उघड आहे. धान्याच्या कोठारात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी ढेकणांसाठी बंद खोलीत ठेवल्या, तर हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि झोपलेली माणसे उठत नाहीत. अशा बातम्या महाराष्ट्रातील शहरांतूनही आलेल्या आहेत. नकाशावर पहिला येण्याची विद्या आणि विष हाताळण्याची विद्या एकाच माणसाजवळ असतील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

त्यातच वर येण्याच्या आडवाटा काढणारे थोडे नाहीत. कोणी आपल्या नावापुढे 'सर्वोत्तम', 'स्वस्त', 'वाळवी', 'ढेकूण' आणि चार उपनगरांची नावे जोडून नावाचीच जाहिरात करतो. कोणी जेथे कचेरीच नाही अशा पाच पत्त्यांवर पाच पाट्या लावतो. कोणी पंचतारांकित अभिप्राय शेकड्याने विकत घेतो. हे सारे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि उघडकीस आल्यास पाटी काढून टाकली जाते. भारतीय मानक ब्यूरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. पण ते आले ऐच्छिक स्वरूपात. तेव्हा खोट्या अभिप्रायांची कीड केवळ नियमांच्या फवारणीने निघेल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

प्रामाणिक व्यावसायिकाने यावर काय करावे? 'आपले काम चोख असले की झाले' असे म्हणून स्वस्थ बसणे त्याला परवडणार नाही. त्याचे रिकामे स्थान कोणीतरी भरतोच, आणि तो बहुधा आडवाटेचा असतो. त्याने दिसलेच पाहिजे. मात्र खरेपणाने दिसले पाहिजे. त्याचा मार्ग पुष्कळसा साधा आहे. परवान्यावर आणि पावतीवर असेल तेच नाव नकाशावर द्यावे. फोन क्रमांक आणि पत्ता सर्व ठिकाणी एकच असावा. ग्राहक आपल्याकडे येत नसतील, तर पत्ता न दाखविता फक्त सेवेचे क्षेत्र द्यावे, आणि जेथे वेळेवर पोहोचता येते तेवढेच विभाग त्यात घालावेत. परवान्याचा क्रमांक ठळक द्यावा. छायाचित्रे स्वतःच्या कामाची असावीत.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने आपले ज्ञान मराठीत लिहावे. 'सर्व किडींचा कायमचा नायनाट' या घोषणेने कोणाचेच समाधान होत नाही. उलट, वाळवीसाठी भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत छिद्रे पाडून औषध का सोडावे लागते. नांदत्या इमारतींतील या कामासाठी आयएस ६३१३ या मानकाचा तिसरा भाग आहे. लहान जातीच्या झुरळाच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात, म्हणून नुसत्या फवाऱ्यापेक्षा सांदीकोपऱ्यांत लावलेले जेल अधिक उपयोगी का पडते. ढेकणांची अंडी पहिल्या फवारणीतून बहुधा वाचतात, म्हणून दोनएक आठवड्यांनी दुसरी फेरी का लागते, हे चार सोप्या वाक्यांत सांगितले, तर वाचणाऱ्याची खात्री पटते. योगायोग असा की शोधयंत्राची समर्पकतेची कसोटीही अशाच लिखाणाने पार पडते. ग्राहक जे शब्द टाकतो तेच शब्द तेथे सहजपणे आलेले असतात. अभिप्रायही प्रत्येक ग्राहकाकडे मागावा. त्याबदल्यात सूट देऊ नये, आणि फक्त खूश झालेल्यांनाच विचारू नये. तक्रार आली तर ती पुसण्याची खटपट न करता दोन सभ्य ओळींत उत्तर द्यावे आणि पुन्हा जाऊन काम करून यावे.

यावर कोणी म्हणेल, हातात पंप धरणाऱ्या माणसावर ही कारकुनी लादणे अन्यायाचे नाही काय? मोठ्या कंपन्या या कामाला वेगळी माणसे नेमतात. त्याने ते कसे साधावे? या आक्षेपात तथ्य आहे. पण अंतराची कसोटी लहान माणसाच्या बाजूची आहे. दूरच्या बलाढ्य कंपनीपेक्षा पुढच्या गल्लीतील परवानाधारकाला ती झुकते माप देते. शिवाय हा भार त्याने एकट्याने वाहावा असेही नाही. परवाना देणाऱ्या खात्याने परवानाधारकांची यादी विभागवार, मराठीत आणि कोणालाही फोनवर चाळता येईल अशी ठेवावी, आणि नकाशा चालविणाऱ्यांनी विषाशी संबंधित व्यवसायांच्या पाटीवर परवाना क्रमांकाची जागा सक्तीची करावी. या दोन गोष्टी झाल्या, तर निम्म्या बनावट पाट्या आपोआप गळून पडतील.

उरला तो ग्राहक, आणि या व्यवस्थेत त्याचे स्थान दिसते त्याहून मोठे आहे. ख्याती ज्या अभिप्रायांवर उभी राहते, ते तोच लिहितो. दारात आलेल्या माणसाकडे परवाना मागावा. औषधाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहावा. लाल रंग सर्वाधिक विषारीपणाचा, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा, ही खूण शाळकरी मुलालाही समजण्याजोगी आहे. घर किती वेळ बंद ठेवावयाचे, हे विचारून घ्यावे. मग तीन महिन्यांनी पाच ओळी लिहाव्यात : कोणती कीड होती, कोणते औषध वापरले, परवाना दाखविला की नाही, भांडी-अन्न झाकावयास सांगितले की नाही, आणि कीड परत आली काय. 'छान काम' असे शंभर शेरे विकत मिळतात; असा एक अभिप्राय मिळत नाही. तो लिहिण्यास दहा मिनिटे लागतात, आणि ज्याचे लहान मूल फरशीवर रांगते अशा एखाद्या अनोळखी कुटुंबाच्या तो उपयोगी पडतो.

वाळवी रंगाला हात लावीत नाही. ती आतले लाकूड खाते, आणि दार पोकळ झाल्याचे कळते ते ठोकून पाहिल्यावरच. नकाशावरची झगझगीत पाटीही गृहस्थाने अशीच एकदा ठोकून पाहावी आणि मगच घराचे दार उघडावे.