सुई, भीती आणि भोवळ

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ गुडघेदुखीसाठी आमच्या ओपीडीत येतात. मागच्या वर्षी त्यांनी विचारलं, "साहेब, ॲक्युपंक्चर केलं तर चालेल का? घरचे मागे लागलेत." मी म्हटलं, "करून बघायला हरकत नाही." त्यांचा चेहराच उतरला. त्यांना माझ्याकडून नकार हवा होता. घरी सांगता आलं असतं, डॉक्टरच नको म्हणाले!

थोडं खोदून विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. सहा वर्षांपूर्वी लॅबमध्ये रक्त देताना ते खुर्चीतून कोसळले होते. कपाळाला टाके पडले, म्हणजे पुन्हा सुई आलीच. तेव्हापासून त्यांनी रक्ताची एकही तपासणी केली नव्हती. वडिलांना मधुमेह, स्वतःचं वजन वाढलेलं आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठणं सुरू. माझ्या दृष्टीने गुडघा आता दुय्यम झाला होता.

सुईला घाबरणाऱ्याला आपण सगळे एकच सल्ला देतो. "दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा, काही होत नाही." मीही अनेक वर्षं हेच सांगत आलो. पण तो प्रत्येकाला लागू पडत नाही. म्हणून आता मी आधी एक प्रश्न विचारतो: सुई टोचताना किंवा रक्त पाहून तुम्हाला कधी भोवळ आली आहे का?

उत्तर 'नाही' असेल, तर ती भीती पाल किंवा उंचीच्या भीतीसारखीच. छातीत धडधडतं, हात गार पडतात, पळून जावंसं वाटतं; पण शुद्ध जात नाही. अशा माणसाला सावकाश श्वास आणि सैल अंग यांचा खरोखर उपयोग होतो.

उत्तर 'हो' असेल, तर शरीरात वेगळंच घडतं. आधी नाडी आणि रक्तदाब वाढतात. मग अचानक गाडी उलटी फिरते. हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं, मेंदूला पुरेसं मिळत नाही आणि माणूस पडतो. हे भित्रेपण नव्हे. ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यातच असते. या गृहस्थांची बहीणही कान टोचताना पडली होती. आता अशा माणसाला, ज्याचा रक्तदाब घसरू पाहतोय त्यालाच, आपण 'अंग सैल सोडा' म्हणून सांगतो!

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात याच्या नेमकी उलट युक्ती मांडली. स्नायू आवळायचे. दोन्ही मुठी, दंड, पोट, मांड्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरा, चेहऱ्याला जरा ऊब जाणवेपर्यंत. श्वास मात्र रोखू नका. मग वीस-तीस सेकंद सोडा, पण एकदम गळून जाऊ नका. असं पाच वेळा. आवळलेले स्नायू रक्त वर ढकलतात आणि रक्तदाब टिकून राहतो. घरी आठवडाभर रोज सराव केला की ऐन वेळी आठवतं. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना हृदयविकार, काचबिंदू किंवा हर्निया आहे, त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ॲक्युपंक्चरच्या बाबतीत एक पथ्य आहे. जिथे सुई आहे तो स्नायू आवळायचा नाही. सुई वाकते आणि दुखतंही. म्हणून आवळण्याचा व्यायाम सुया लावण्याआधी करायचा. सुया असताना गरज वाटली, तर सुई नसलेला हात किंवा पाय तेवढा आवळायचा. पहिल्या वेळी झोपूनच उपचार घ्या. भोवळीचा इतिहास आधी सांगा आणि एक-दोनच सुया लावायला सांगा. संपल्यावर ताडकन उठू नका. रक्त देतानाही हेच. सुईचा हात सैल, बाकीचं अंग घट्ट.

पहिल्या प्रकारच्या भीतीत मात्र ओळख करून घेणं कामाला येतं. आधी बंद पाकीट हातात घ्या, मग सुई नीट बघा. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाड आणि भरीव असते. तिच्यातून काही आत जात नाही, बाहेर येत नाही. रक्त काढायच्या नेहमीच्या सुईच्या भोकातून ती सहज जाईल. टोचताना बारीकसं जाणवतं, नंतर कधी कधी त्या जागी जडपणा किंवा मुंग्या.

ही भीती आपण लहानपणीच पेरतो, हेही सांगायला हवं. "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं," असं ओपीडीच्या दारात ऐकलं की मला त्या आईचा राग येतो. कुत्रा चावला तरी पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने तो लपवणारे अजून भेटतात. ती इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. रेबीजची लस आता दंडात देतात.

ॲक्युपंक्चरबद्दल माझं मत विचाराल, तर जुनाट दुखणं आणि मायग्रेनमध्ये काहींना आराम मिळतो, असं अभ्यास सांगतात. मात्र खोट्या सुयांशी तुलना केली की फरक बराच कमी होतो. मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. महाराष्ट्रात या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारा. सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाल्या पाहिजेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. छातीवर, पाठीवर अननुभवी हाताने सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

आमच्या कंडक्टरसाहेबांनी आठवडाभर मुठी आवळल्या आणि झोपून रक्त दिलं. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, चालणं सुरू झालं. पुढे ॲक्युपंक्चरच्या सहा बैठकाही झाल्या. गुडघ्याला "आठ आणे फरक" आहे म्हणतात. त्यातले किती आणे सुयांचे आणि किती घटलेल्या वजनाचे, ते मला सांगता येणार नाही. परवा पुन्हा तपासणीला आले, तेव्हा सिस्टरनी ट्रे पुढे घेताच म्हणाले, "थांबा हं सिस्टर, आधी मुठी आवळू द्या."