मुरतं ते काय?

घरचं तंदुरी चिकन हॉटेलसारखं होत नाही, अशी तक्रार केली की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अजून मुरू द्या’. दोन तासांनी भागलं नाही तर रात्रभर, तेवढ्यानेही नाही तर दोन दिवस. मसाला हळूहळू मांसात उतरत हाडापर्यंत पोचतो, अशी त्यामागची समजूत. बरणीतलं लोणचं मुरताना पाहिलेल्या आपल्याला ती सहज पटतेही. पण भाजलेल्या तंगडीचा जाड भाग आडवा कापून पाहावा. कडेला जेमतेम काही मिलिमीटरांची केशरी किनार दिसते आणि आत निव्वळ पांढरं मांस.

कारण साधं आहे. कच्च्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाहीतच. म्हणून ते वरच अडकतात. मीठ मात्र पाण्यात विरघळून सावकाश आत शिरतं. तिथली प्रथिनं सैल करतं आणि भाजताना सुटणारं पाणी धरून ठेवायला लावतं. खऱ्या अर्थाने मुरतं ते मीठ. बाकी सगळा लेप.

हे एकदा मान्य केलं की जुन्या रीतीचा अर्थ उलगडतो. फाळणीत पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी १९४७ साली दिल्लीच्या दर्यागंजमध्ये ‘मोती महाल’ सुरू केलं आणि तंदुरी कोंबडी देशभर गाजली. या पदार्थाच्या रूढ कृतीत लेप दोनदा लागतो. आधी मीठ, लिंबू, मिरची. मग दही आणि मसाले. आपल्याकडेही कोंबडी आणली की आधी मीठ-हळद चोळतात, वाटण नंतर. किलोभर कोंबडीला पंधरा ग्रॅम मीठ, फ्रिजमध्ये चार-सहा तास. वेळ द्यायचा तो इथे. सोललेल्या कोंबडीला खोल चिरा पाडायच्या त्या मसाल्याला पृष्ठभाग वाढवून मिळावा म्हणून.

आंबटाचं काम उलट. लिंबाच्या रसात मांस रात्रभर ठेवलं तर ते मऊ होत नाही, वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होतो. कच्च्या पपईतलं विकर तर बाहेरचा थर पार लगदा करतं. जून मटणाला ते ठीक, पण आजच्या कोवळ्या ब्रॉयलरला त्याची गरजच काय? दही सौम्य, म्हणून बरं. पण पातळ दही हीच घरगुती तंदुरीची खरी अडचण.

तंदूर चारशे अंशांच्या वर तापतो, घरचा ओव्हन जेमतेम अडीचशेपर्यंत. तंदुरात लेपातलं पाणी बघता बघता उडतं आणि पृष्ठभाग करपटतो, खमंग होतो. ओव्हनमध्ये तेच पाणी वाफ होऊन कोंबडीभोवती रेंगाळतं. तोवर आतलं मांस शिजून कोरडं पडू लागतं. म्हणून दही नव्हे, चक्का घ्यावा, श्रीखंडाला बांधतो तसा टांगलेला. त्यात काश्मिरी मिरचीची पूड, आलं-लसणाचं वाटण, गरम मसाला आणि मोहरीचं तेल. तेल इथे शोभेला नाही, मसाल्याचा स्वाद तेच उचलतं. लेप लावून अर्धा-पाऊण तास पुरे. तुकडे पसरट ताटलीत न ठेवता जाळीवर ठेवावेत, ओव्हन आधीच पूर्ण तापवावा, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कॉइल. जाड भागात थर्मामीटर ७४ अंश दाखवू लागला की बाहेर काढावं.

राहता राहिला धूर. तंदुरात चरबी आणि रस निखाऱ्यांवर गळतात, त्याचा तो वास. ओव्हनमध्ये तो येणं शक्य नाही. मठ्ठ्याला देतात तसा धुंगार मात्र देता येतो: पातेल्यात तुकड्यांच्या मधोमध वाटी, वाटीत फुललेला कोळसा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण. तीन-चार मिनिटांनी झाकण काढावं. त्याहून जास्त ठेवलं तर कडू लागतं.