आकाशातला डोळा आणि पटावरचे युद्ध



आजचा विषय ऐकून काही मंडळींना वाटेल की वसंतातल्या ज्ञानसत्रात हा पोरखेळ कशाला? परंतु ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे तो पोरांसाठी जन्मास आला नाही. तो सेनापतींच्या कचेरीत वाढला, आणि एका प्रसंगी त्याने हजारो माणसांचे प्राण वाचविण्यास हातभार लावला. टेबलावर नकाशा पसरून, पुठ्ठ्याच्या सोंगट्या मांडून युद्धातला एखादा प्रसंग कसा उभा करावा, एवढेच आज पाहू. प्रसंगही आपल्याच महाराष्ट्रातला घेऊ.

बुद्धिबळ आपण सारे जाणतो. चतुरंग सेनेची कल्पना आपल्या देशातली आणि तो पट जगभर गेला. पण बुद्धिबळात एक गोष्ट युद्धासारखी नाही. तेथे दोन्ही खेळाडूंना सारा पट सदैव दिसत असतो. प्रतिपक्षाचा घोडा कोठे उभा आहे हे विचारावे लागत नाही. खऱ्या सेनापतीची निम्मी झोप मात्र याच एका प्रश्नाने उडते की डोंगरापलीकडे काय आहे?

ही उणीव प्रशियातील राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी ओळखली. पुत्राने १८२४ साली जो युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्यात खरा नकाशा होता, वेळेचे मोजमाप होते, आणि दोन पक्षांच्या मध्ये एक पंच होता. प्रत्येक पक्षाने आपली आज्ञा पंचाकडे द्यावी; पंचाने ज्याला जेवढे खरोखर दिसले असते तेवढेच त्याला सांगावे. युद्धखेळाचा प्राण तो हा. पुढे १९४२ साली लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि ब्रिटिश आरमाराच्या महिला दलातील तरुण मुली यांनी जमिनीवर लाकडी जहाजे मांडून जर्मन पाणबुड्यांचे डावपेच उकलले. तेथेही खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना पडद्याच्या फटीतून, गलबतावरून जेवढे दिसावे तेवढेच दाखवीत असत. त्या जमिनीवर सिद्ध झालेले डाव अटलांटिकवर गेले, आणि तांडे सुखरूप पोहोचविण्याच्या कामी आले.

आता आपल्या प्रसंगाकडे वळू. १९११ सालचा जानेवारी महिना. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरात दख्खनच्या घोडदळाच्या कवायती चालू होत्या. ब्रिस्टल कंपनीने आपली विमाने दाखविण्यासाठी हिंदुस्थानात एक मंडळी धाडली होती. तिचा वैमानिक आंरी ज्युलरो हा फ्रेंच गृहस्थ. त्याच्या विमानात कॅप्टन सेफ्टन ब्रँकर हे निरीक्षक म्हणून बसले आणि लुटुपुटीच्या शत्रूची टेहळणी करून आले. त्या काळी लष्करी कवायतीत विमान वापरल्याची उदाहरणे जगातही मोजकीच होती. इटलीच्या पियाझ्झाने लिबियात खऱ्या युद्धात विमानातून टेहळणी केली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणजे नऊ महिन्यांनंतर.

ते विमान तरी कसे? बॉक्सकाइट, म्हणजे पेटीसारखा पतंग, हेच त्याचे नाव. लाकडाचा सांगाडा, कापडाचे पंख, तारांचे ताण आणि पन्नास अश्वशक्तीचे नोम इंजिन. वैमानिक खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर उघड्यावर बसावयाचा आणि निरीक्षक त्याच्या पाठीशी. वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर. त्यावर बंदूक नव्हती, बिनतारी यंत्र नव्हते. होते ते फक्त दोन डोळे.

म्हणून या प्रसंगाचा खेळ रचताना पहिला प्रश्न असा येतो की एका डोळ्याची किंमत किती? आणि उत्तर मिळते ते घड्याळातून. कसे ते पाहा.

एक मोठा कागद घ्या, १५० सेंटिमीटर लांब आणि १०० सेंटिमीटर रुंद. पाच सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर धरले तर हा मुलूख ३० किलोमीटर लांब आणि २० रुंद झाला. आपल्या ब्राह्मणपुरीच्या मंडळींनी उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी असा ओळखीचा मुलूख काढला तरी बिघडत नाही. पूर्वेकडून पश्चिमेकडे तीन वाटा काढा, उत्तरेची, मधली आणि दक्षिणेची. बरोबर मध्यावर, पंधराव्या किलोमीटरला, तिन्ही वाटांना जोडणारी एक आडवी वाट असू द्या.

तांबड्या पक्षाकडे घोडदळाच्या सहा तुकड्या. सकाळी सात वाजता त्यांनी पूर्वेच्या कडेवरून निघावे आणि अकराच्या आत पश्चिमेची कड गाठावी. निळ्या पक्षाकडे चारच तुकड्या, मधल्या वाटेच्या पश्चिम टोकाशी. परंतु त्याच्याकडे विमान आहे. तांबडा ज्या वाटेने येईल तिच्या मुखाशी निळ्याच्या तीन तुकड्या आधी उभ्या असल्या तर निळा जिंकला.

एक पाळी म्हणजे दहा मिनिटे. चाल आणि दुडकी मिळून घोडदळ तासाला नऊ किलोमीटर जाते, म्हणजे पाळीला दीड किलोमीटर. विमान पाळीला दहा किलोमीटर. मधल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेच्या मुखाशी जावयास निळ्याला साडेसात किलोमीटर पडतात, म्हणजे पाच पाळ्या. तांबडा कोठे न थांबता चालला तर तीस किलोमीटर वीस पाळ्यांत, दहा वाजून वीस मिनिटांनी, पुरे करतो. त्याच्या हाती चार पाळ्या शिल्लक राहतात. त्या कशा खर्चाव्या हे त्याचे शहाणपण.

समजा, विमानाने सात वाजून चाळीस मिनिटांनी तांबड्याला उत्तरेच्या वाटेवर पाहिले. तो तेव्हा सहा किलोमीटर आला आहे, म्हणजे पश्चिमेच्या कडेवरील विमानतळापासून चोवीस किलोमीटर दूर. विमान परत येण्यास चोवीस मिनिटे: आठ वाजून चार. उतरून वृत्तान्त लिहिण्यास दहा मिनिटे. सेनापती चार किलोमीटरवर. ताशी पंधराच्या वेगाने स्वार पोहोचतो तो आठ वाजून तीस मिनिटांनी. बातमी पन्नास मिनिटांची शिळी झाली! तेवढ्यात तांबडा आणखी साडेसात किलोमीटर चालला, म्हणजे कागदावर दीड वितीहून अधिक. आता तो साडेतेराव्या किलोमीटरवर, त्या आडव्या वाटेच्या तोंडाशी आहे. उत्तरेनेच पुढे येईल की वळेल? आकाशातल्या डोळ्याने जे पाहिले ते खरे होते. पण आता ते खरे आहे काय?

हीच बातमी घोडेस्वाराने आणली असती तर? चोवीस किलोमीटर, ताशी बाराचा वेग, दोन तास. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बातमी आली, तेव्हा तांबडा फक्त सहा किलोमीटरवर आणि निळ्याला सरकावयाचे साडेसात. गाडी फलाटावरून सुटल्यावर तिकीट हाती यावे तसा प्रकार.

विमानाला दुसरी फेरी करू द्या. तेल भरण्यास आणि यंत्र पाहण्यास अर्धा तास धरला तर आठ चौतीसला ते पुन्हा उडेल आणि शत्रू सरळ सापडला तर हा दुसरा वृत्तान्त सेनापतीच्या हाती नऊ अठ्ठावीसच्या सुमारास पडेल. निळा लगेच हलला तर दहा अठराला वाटेच्या मुखाशी पोहोचतो. तांबडा पोहोचतो दहा वीसला. दोन मिनिटांचा खेळ! श्रोतेहो, असा प्रसंग रचला की खेळाडूंना कंटाळा येत नाही. आणि ही ओढाताण मुद्दाम घातलेली नाही. यंत्राचा वेग आणि घोड्याचा वेग शेजारी ठेवले की ती आपोआप निर्माण होते.

आता दैवाचा भाग. त्यासाठी फासे आणावयास नकोत. चार कवड्या पुरेत. विमान हवेत असताना प्रत्येक पाळीला पंचाने त्या टाकाव्या. चारही पालथ्या पडल्या तर इंजिन बंद पडले, विमान शेतात उतरले. कवडी समसमान पडते असे धरल्यास ही शक्यता सोळांत एक. थोडी वाटते ना? पण सात पाळ्यांच्या उड्डाणात ती साठत जाऊन तीनांत एकाच्या थोडी वर जाते. खरी कवडी नेहमी समसमान पडत नाही. म्हणून आधी शंभर वेळा टाकून तिचा स्वभाव पाहून घ्यावा.

दुसरी कसोटी निरीक्षकाच्या नजरेची. अस्तंभ्याच्या यात्रेस गेलेल्यांना हे सांगावयास नको. माथ्यावरून खालचा मुलूख स्वच्छ दिसतो. परंतु दूरच्या वाटेवरची ती रांग लग्नाच्या वऱ्हाडाची की बाजारच्या गाड्यांची, हे छातीठोकपणे कोण सांगेल? तेव्हा पुन्हा चार कवड्या. दोन उताण्या पडल्या तर निरीक्षकाचा अंदाज बरोबर. एक किंवा तीन पडल्या तर पंचाने तुकड्यांची संख्या दोनने कमी किंवा जास्त सांगावी. एकही उताणी नसली किंवा चारही असल्या तर धूळ पाहून गुरांच्या कळपालाच घोडदळ समजल्याचा वृत्तान्त द्यावा! आणि तांबडा आमराईत थांबला असेल तर तो दिसतच नाही; मात्र थांबलेली प्रत्येक पाळी त्याच्या चार शिलकी पाळ्यांतून वजा.

हा नियम माझ्या मनचा नव्हे. १९१२ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील कवायतींत जनरल ग्रिअरसन यांनी जनरल हेग यांच्यावर मात केली. विमानांचा त्यांनी उपयोग करून घेतलाच, पण आपले सैन्य वरून दिसू नये याचीही काळजी घेतली. डोळा निर्माण झाला त्याच दिवशी आडोसाही निर्माण झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

माझी सूचना अशी की हा प्रसंग तीनदा खेळावा. एकदा विमानावाचून, एकदा विमानासह, पण तांबड्याला त्याची खबर न देता, आणि एकदा तांबड्याला सांगून. तीन निकाल शेजारी ठेवले म्हणजे विमानाने काय दिले आणि सावधपणाने त्यातले काय परत घेतले, हे व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

या डोळ्याची खरी किंमत १९१४ च्या सप्टेंबरात जगाला कळली. पॅरिसकडे येणारे जर्मन सैन्य आग्नेयेकडे वळत असल्याचे वैमानिकांनी पाहिले आणि त्या बातमीचा मार्नच्या लढाईत मोठा उपयोग झाला. पण जी वस्तू मोलाची ठरते तिच्यावर घाला येतो. शत्रूचा डोळा फोडण्यासाठी बंदूक लावलेली लढाऊ विमाने आली; त्यांना अडविण्यासाठी आणखी आली. पाहण्यासाठी गेलेला मनुष्य चार वर्षांत मारण्यासाठी आणि मरण्यासाठी वर जाऊ लागला.

त्यांत आपला एक मनुष्य होता. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकत होते. हिंदी तरुणाला वैमानिक अधिकारी होणे त्या काळी फार दुर्घट. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरल सेन आणि वेलिंगकर अशी मोजकी नावे त्या दारातून आत गेली. वेलिंगकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले ते परतले नाहीत. शत्रूच्या हाती, जखमांमुळे, ३० जूनला त्यांचा अंत झाला. वय अवघे तेवीस. फ्रान्समध्ये आमियाँजवळ हँगार्ड येथील दफनभूमीत त्यांची शिळा आहे. जर्मन वैमानिकांना त्या वर्षी हवाई छत्र्या मिळू लागल्या होत्या. ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत त्या मिळाल्या नाहीत. हिंदी वायुदल स्थापन झाले ते चौदा वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी.

कोणी शंका काढील की औरंगाबादच्या लुटुपुटीच्या खेळात या दुःखद कथेचे काय काम? काम असे आहे. चार कवड्या पालथ्या पडतात आणि पंच विमानाची सोंगटी उचलून डबीत टाकतो. खेळाडू हळहळतो, कारण त्याचा डोळा गेला. त्या सोंगटीवर दोन माणसे बसलेली होती हे त्याला आठवत नाही. पटावरच्या युद्धाचा हाच खरा धोका आहे. त्यात वेग, अंतर आणि वेळ यांचे गणित बरोबर जमते, आणि माणूस गणिताबाहेर राहतो.

त्यावर उपाय नियमानेच करता येतो. विमानाच्या सोंगटीवर यंत्राचे नाव न लिहिता वैमानिक आणि निरीक्षक यांची नावे लिहावी. इंजिन बंद पडले तर पंचाने पुन्हा कवड्या टाकून ती माणसे वाचली की नाही हे मोठ्याने सांगावे. दोघे सुखरूप परतल्यावाचून निळ्याचा विजय पुरा धरू नये. वाट अडविली तरी तो निम्माच. एवढा एक नियम घालून पाहा. तिसऱ्या फेरीसाठी वारा सुटलेला असताना, ऊन तापून भोवरे उठू लागले असताना, विमान पुन्हा वर धाडावे की नाही, या प्रश्नापाशी तोच खेळाडू थबकेल जो पहिल्या डावात बेधडक हुकूम देत होता.

तात्पर्य, युद्धखेळ रचणाराने दोन हिशेब चोख ठेवावे. कोणाला काय दिसते आणि ते किती शिळे आहे, हा पहिला. आणि ते पाहण्यासाठी कोणाला पाठविले, हा दुसरा. पहिला हिशेब चुकला तर खेळ खोटा होतो. दुसरा चुकला तर खेळणारा मनुष्य खोटा होतो. आपल्या गावच्या तरुणांनी सुट्टीत एक कागद आणि चार कवड्या घेऊन हे दोन्ही हिशेब मांडून पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.